वेर्दिक्कियो चाखताना: ताटाच्या डाव्या बाजूची वाइन

आपल्याकडे पान वाढताना मीठ आणि लिंबाची फोड आधी येते, मग चटणी, कोशिंबीर. ही डावी बाजू उजवीकडच्या पदार्थांना चव यावी म्हणून असते. नुसती चटणी कोणी वाटीभर खात नाही, पण ती नसेल तर जेवण अळणी वाटतं. इटलीतली वेर्दिक्कियो ही व्हाइट वाइन मला या डाव्या बाजूची वाटते. नव्या माणसानं ती नुसती पिऊन पाहिली तर बहुतेक वेळा तो तोंड वाकडं करतो. तीच वाइन दोन घास पोटात गेल्यावर प्यायला दिली की बाटली संपेपर्यंत गप्पा चालतात.

माझंही असंच झालं. आमचं जहाज दुरुस्तीसाठी अँकोना बंदरात लागलं होतं आणि सप्टेंबरचा जवळजवळ सगळा महिना मी तिथे होतो. एका रविवारी कोनेरो डोंगराच्या पायथ्याशी पोर्तोनोवोला गेलो. तिथे खडकांवर आपोआप वाढणारे शिंपले मिळतात, स्थानिक लोक त्यांना ‘मोशोली’ म्हणतात. खानावळीच्या मालकानं आधी वाइन आणून ठेवली. मी घोट घेतला. आंबट लागली आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला बदामाच्या सालासारखा कडवटपणा राहिला. मी पेला बाजूला सरकवला. मालकानं तो पुन्हा माझ्यासमोर ठेवला आणि बोटानं शिंपल्यांच्या थाळीकडे दाखवलं. ऑलिव्ह तेल, लसूण, पार्सली आणि शिंपल्यांचं स्वतःचं खारट पाणी. एक शिंपला खाल्ला, मग घोट घेतला. तोच पेला, पण आता त्यात सफरचंद होतं, लिंबाची साल होती, आणि तो कडवटपणा शिंपल्यातल्या गोडीला धरून बसला होता. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्या दुपारपासून शिकलेलं आहे.

ही वाइन येते कुठून

मार्के हा इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचा प्रांत. एका अंगाला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला अपेनाइन पर्वत, मध्ये टेकड्या. कोकणातल्या माणसाला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. वेर्दिक्कियो हे इथल्या द्राक्षाचं नाव, ‘वेर्दे’ म्हणजे हिरवा यावरून आलेलं. द्राक्ष पिकलं तरी सालीवरची हिरवट झाक जात नाही, आणि वाइनमध्येही ती उतरते.

वेर्दिक्कियोची दोन घरं आहेत. पहिलं येसी शहराभोवतीच्या तटबंदीच्या गावांचं, म्हणून बाटलीवर ‘वेर्दिक्कियो देई कास्तेल्ली दि येसी’ असं लिहिलेलं असतं. कुप्रामोंताना, स्ताफोलो, मोंतेकारोत्तो ही त्यातली काही गावं. दुसरं घर मातेलिका, डोंगराच्या आत. मार्केतल्या बहुतेक नद्यांची खोरी डोंगरातून थेट समुद्राकडे उघडतात, मातेलिकाचं खोरं मात्र समुद्राला समांतर, उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे. त्यामुळे समुद्राची ऊब आत पोहोचत नाही. दिवसा ऊन तापतं, रात्री गारठा पडतो, आणि गार रात्रींमुळे द्राक्षातली आंबट आम्लं टिकून राहतात. म्हणून मातेलिकाची वाइन जास्त धारदार, येसीची थोडी मोकळी आणि भरलेली. मातेलिकाला १९६७ साली आणि येसीला १९६८ साली डीओसी, म्हणजे प्रदेशाच्या नावाची कायदेशीर ओळख मिळाली.

पहिली पायरी: बाटली निवडणं

दुकानात बाटली घेताना चार गोष्टी पाहा.

द्राक्षतोडणीचं साल. शिकण्यासाठी ताजी वाइन हवी, म्हणून एक-दोन वर्षांपूर्वीचं साल असलेली घ्या. वेर्दिक्कियो दहा वर्षंही चांगली मुरते, पण मुरलेल्या वाइनची चव वेगळी. ती नंतर.

दर्जाचा शब्द. ‘क्लासिको’ म्हणजे येसीच्या मूळ जुन्या भागातली. ‘क्लासिको सुपेरिओरे’ म्हणजे त्याच भागातली, पण जास्त पिकलेल्या द्राक्षांची, किमान १२ टक्के अल्कोहोल असलेली. ‘रिझेर्वा’ दीड वर्ष तरी मुरवलेली असते आणि तिला डीओसीजी हा वरचा दर्जा आहे. पहिल्यांदा घेताना क्लासिको सुपेरिओरे घ्या, असं मी ठामपणे सांगेन. साध्या बाटल्यांमध्ये कधी कधी नुसता आंबटपणा हाती लागतो आणि रिझेर्वाचे पैसे नव्या माणसानं इतक्यात घालू नयेत.

बाटलीबंद कुठे झाली. ‘इंबोत्तिलियातो आल्लोरिजिने’ असं लिहिलं असेल तर ज्यानं द्राक्षं पिकवली त्यानंच बाटली भरली.

आणि चौथी गोष्ट लेबलवर नसते: दुकानात ती बाटली कशी ठेवली आहे. आपल्या हवेत हे सर्वांत महत्त्वाचं. काचेतून ऊन येणाऱ्या खिडकीत उभी असलेली बाटली कितीही नामांकित असली तरी घेऊ नका. मी एकदा घेतली होती. उघडली तेव्हा वाइनचा रंग गडद पिवळा झाला होता आणि वास कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. पूर्ण बाटली मोरीत गेली.

नावंच हवी असतील तर येसीकडे गारोफोली, उमानी रोंकी, बुच्ची, सार्तारेल्ली आणि मातेलिकाकडे कोल्लेस्तेफानो, ला मोनाचेस्का ही घराणी वेर्दिक्कियोसाठी ओळखली जातात. कमरेला आवळलेली, प्राचीन रांजणासारखी हिरवी बाटली दिसली तर ओळखा, ती १९५० च्या दशकात फाझी बात्तालिया या कंपनीनं वेर्दिक्कियोसाठी आणली. तिच्यामुळे ही वाइन जगभर पोहोचली, पण पुढे बरेच लोक बाटलीच लक्षात ठेवून आतली चव विसरले. हल्ली बहुतेक चांगले उत्पादक साधी सरळ बाटली वापरतात.

वेर्दिक्कियो मिळालीच नाही तर लुगाना घ्या. गार्दा सरोवराकाठच्या या वाइनचं द्राक्ष, तिथे त्याला तुर्बियाना म्हणतात, वेर्दिक्कियोच्या अगदी सख्ख्या नात्यातलं आहे. ‘सोआवे’, ‘गावी’, ‘वेर्मेंतीनो’ या इटालियन व्हाइट वाइनही जवळच्या. नुसता सराव करायचा असेल तर नाशिकच्या सोविन्यों ब्लां या व्हाइट वाइनवरही पुढचे सगळे प्रयोग करता येतात.

दुसरी पायरी: गार करणं, पण गोठवणं नाही

तापमान ८ ते १० अंश सेल्सिअस. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात अडीच-तीन तास ठेवली की बाटली तयार. रात्रभर ठेवली असेल तर जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा. फार गार वाइनला वासच येत नाही. जीभ बधिर होते आणि हाती फक्त आंबट आणि कडू उरतं. पाहुणे अचानक आले तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घाला, वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ नको. बाटलीला तो चार ठिकाणी टेकतो, पाणी सगळीकडून वेढतं. पेल्यात बर्फाचे खडे मात्र टाकू नका, वाइन पातळ होते.

तिसरी पायरी: ओतणं आणि पाहणं

पेला तळाशी रुंद, वर निमुळता, देठ असलेला असावा. देठ यासाठी की हाताची ऊब वाइनला लागू नये. दोन-तीन बोटंच वाइन ओता. पेला धुतल्यावर साबणाचा वास राहिला नाही ना, ते आधी हुंगून बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच सुटतात.

पांढऱ्या कागदासमोर पेला तिरपा धरा. रंग वाळक्या गवतासारखा फिकट पिवळा आणि कडेला हिरवी छटा दिसली पाहिजे. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, वाइनमधल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे थंडीनं स्फटिक होतात. ते निरुपद्रवी आहेत. पाहण्याचं काम एवढंच, यावर वेळ घालवू नका.

चौथी पायरी: वास

आधी पेला न हलवता एकदा हुंगा. मग देठ टेबलावर टेकवून पेला दोन-तीनदा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. दुसऱ्या वेळी वास जास्त येतो, कारण हलवल्यानं वाइनचा हवेशी संबंध वाढतो.

नव्या लोकांची इथे पंचाईत होते. ‘हॉथॉर्नच्या फुलांचा वास’ वगैरे वाचून त्यांना वाटतं, आपल्याला वासच कळत नाहीत. आपण जे हुंगलंच नाही ते कसं ओळखणार? आपल्या घरातल्या वस्तूंवरून ओळखा. वेर्दिक्कियोत साधारण हे सापडतं: हिरवं सफरचंद, लिंबाची किसलेली साल, पांढऱ्या फुलांचा हलका वास, ओली बडीशेप, सोललेला बदाम. एका वाटीत बडीशेप आणि दुसरीत भिजवून सोललेले बदाम ठेवा. एकदा वाटी हुंगा, एकदा पेला. तिसऱ्या-चौथ्या फेरीत बडीशेप पेल्यात आपोआप सापडते, आणि त्यानंतर ती कायमची सापडत राहते.

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा वास आला तर बूच बिघडलेलं होतं. ती बाटली परत करा. यात संकोच बाळगायचं काही कारण नाही.

पाचवी पायरी: घोट

छोटा घोट घ्या, लगेच गिळू नका. चूळ भरल्यासारखी तोंडभर फिरवा, मग गिळा आणि तोंड किंचित उघडं ठेवून थांबा. तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, लाळ. जिभेखाली आणि गालांच्या आत किती पाणी सुटतं? चिंचेचं नुसतं नाव काढल्यावर सुटतं ना, तसं. जितकी लाळ जास्त, तितकी आम्लं जास्त. वेर्दिक्कियोत ती भरपूर असते आणि या वाइनचा कणा तोच.

दुसरी, अंग. पाण्यासारखी पातळ वाटते की ताकासारखी थोडी भरीव? चांगल्या वेर्दिक्कियोला आंबटपणाबरोबर भरीवपणाही असतो. ताज्या इटालियन वाइनमध्ये हा मेळ सगळीकडे मिळत नाही, म्हणून मी तिच्यावर एवढा जीव लावून आहे.

तिसरी, शेवट. गिळल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी कडू बदामाची चव आली का? नव्या माणसाला हा दोष वाटतो. ती या द्राक्षाची ओळख आहे. कारल्याचा कडूपणा काढून टाकला तर कारलं उरत नाही, तसंच हे.

सलग बऱ्याच वाइन चाखायच्या असतील तर घोट थुंकण्यासाठी जवळ भांडं ठेवा. वाइन बनवणारे स्वतः असंच करतात, कोणी वावगं मानत नाही.

सहावी पायरी: स्वयंपाकघरातला प्रयोग

ही पायरी सोडू नका. पुस्तकं वाचून जे समजायला महिने लागतात ते इथे अर्ध्या तासात जिभेला समजतं. एका ताटलीत सहा गोष्टी घ्या: मीठ लावलेला उकडलेला बटाटा, लिंबाची फोड, गुळाचा खडा, एक गरम कांदाभजी, हिरव्या मिरचीचा छोटा तुकडा आणि सालासकट बदाम. प्रत्येक वेळी आधी वाइनचा घोट, मग घास, मग पुन्हा घोट, मग साधं पाणी.

बटाट्यानंतर वाइन मऊ लागते. मिठानं आंबटपणाची धार कमी होते आणि मागचं फळ पुढे येतं.

लिंबू चोखल्यानंतर तीच वाइन कमी आंबट, जवळजवळ गोडसर लागते. यातून मोठा नियम निघतो: पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन बापुडवाणी होते. वेर्दिक्कियो मुळातच आंबट असल्यानं ती लिंबू पिळलेल्या पदार्थांपुढेही टिकते, बाकीच्या बऱ्याच व्हाइट वाइन टिकत नाहीत.

गुळानंतर अगदी उलटं. वाइन पातळ, तुरट, कडू. म्हणून गोड पदार्थाबरोबर ही कधीच नको. वरणात किंवा भाजीत गूळ घालायची घरची पद्धत असेल तर त्या दिवशी बेत बदला.

भजीचा घास मला सर्वांत आवडतो. तोंडाला तेलाचा जो थर बसतो तो एका घोटात धुतला जातो आणि पुढची भजी पहिल्यासारखी लागते.

मिरचीबरोबर अल्कोहोल जाळ वाढवतं. तिखट तोंडभर पसरतं आणि वाइनची चव उरत नाही. मी एकदा हौसेनं ठेच्याबरोबर ही वाइन वाढली होती, कोणालाही ना ठेचा धड लागला ना वाइन.

शेवटी बदाम. सालीचा कडवटपणा आणि वाइनचा शेवट एकमेकांना भेटतात आणि दोन्ही सौम्य होतात.

सातवी पायरी: मार्केच्या पानावर

आता त्या प्रांतात लोक ती कशाबरोबर पितात ते बघा, मघाचे सगळे नियम तिथे जेवताना दिसतील.

अँकोनाचा ब्रोदेत्तो म्हणजे माशांचं कालवण. परंपरेनं तेरा प्रकारची मासळी, टोमॅटो आणि व्हिनेगर. जाळ्यात आलेली, बाजारात भाव न मिळणारी छोटी मासळी कोळ्यांनी घरी नेऊन शिजवावी, यातून तो आला. व्हिनेगर घातलेल्या पदार्थासमोर वाइन निवडणं अवघड, पण वेर्दिक्कियो तितकीच आंबट असल्यानं जमतं. दक्षिणेला सान बेनेदेत्तो देल त्रोंतोला हाच ब्रोदेत्तो हिरवे टोमॅटो आणि सिमला मिरची घालून करतात. तो मला जास्त आवडला.

आस्कोली पिचेनोची ऑलिव्हं. मोठी, कोवळी हिरवी ऑलिव्हं बीभोवती गोल कापत सोडवतात, त्यात मांसाचं सारण भरतात, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. तेल, मीठ आणि ऑलिव्हचा कडवटपणा एकाच घासात. ताटलीतले भजी, बटाटा आणि बदाम एकत्र केले तर काय होईल, ते हे.

बडीशेपेबरोबर शिजवलेला ससा, ‘कोनिलियो इन पोर्केत्ता’. मांसाबरोबर रेडच हवी असं मानणाऱ्यानं हा खाऊन पाहावा. रानबडीशेपेचा वास वाइनमध्येही असतो, त्यामुळे मांसापेक्षा ती बडीशेपच जोडी जमवते. यासाठी मात्र सुपेरिओरे किंवा रिझेर्वा हवी, ती २ अंश कमी गार, १० ते १२ अंशांवर. ‘विंचिस्ग्रास्सी’ या मांसाचा रस्सा आणि पांढरा सॉस घातलेल्या, थरांच्या भाजलेल्या पास्त्यालाही रिझेर्वाच लागते.

शाकाहारी माणसानं खट्टू व्हायचं कारण नाही. तळलेल्या झुकिनीच्या चकत्या, रानभाजी लसणीत परतून भरलेली ‘क्रेशा’ नावाची पोळी, वसंतात फावा या शेंगांचे कच्चे दाणे आणि पेकोरिनो चीज, किंवा उर्बिनोचं मऊ ‘काशोत्ता’ चीज, हे सगळं वेर्दिक्कियोचंच खाणं. आर्टिचोक ही फुलाच्या कळीसारखी भाजी तेवढी टाळा. ती खाल्ल्यावर जिभेला सगळंच विचित्र गोड लागतं आणि वाइनची चव हरवते.

आपल्या घरी? रवा लावून तळलेले बोंबील किंवा पापलेट, मसाला बेतानं आणि वरून लिंबू, हे मला पोर्तोनोवोच्या सर्वांत जवळचं वाटतं. उकडून मीठ-लिंबू लावलेल्या तिसऱ्या, म्हणजे आपल्याकडचे छोटे शिंपले. कोथिंबीर वडी. सुरळीची वडी. लसणीची लाल चटणी बाजूला ठेवली तर बटाटावडा. सोलकढी ज्या दिवशी असेल त्या दिवशी वाइन नको. दोघींचं काम एकच आहे आणि आपल्या जेवणात ते सोलकढी जास्त चांगलं करते. आगरी-कोळी कालवणाच्या तिखटाबरोबर, किंवा कोल्हापुरी रश्श्याबरोबर, मी ही बाटली उघडणार नाही.

उरलेली बाटली

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून जेवताना चौघांना पुरेसं होतं. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी कधी कधी ती जास्तच मोकळी लागते, तिसऱ्या दिवशी वास मावळू लागतो. त्यानंतर पिऊ नका, शिजवा. पातेल्यात ऑलिव्ह तेल आणि चार लसूण पाकळ्या तापवा, धुतलेल्या तिसऱ्या किंवा शिंपले घाला, अर्धा पेला वाइन ओता आणि झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत शिंपा उघडतात. न उघडलेल्या काढून टाका. मीठ घालण्याआधी रस चाखून बघा, बहुतेक वेळा ते घालावं लागत नाही.